पडद्यामागचा गेम, भाग ९ : अंधार नेमका कुठला?

मागच्या भागात अडखळणाऱ्या फ्रेम्सचा हिशेब मांडला. आता त्याहून जुनी तक्रार. गेम इतकी काळी दिसते की शत्रू दिसतच नाही.

यावर बहुतेकजण मॉनिटरचं बटण दाबून ब्राइटनेस शंभरावर नेतात. त्याने आकाश डोळ्यांत खुपायला लागतं, काळा भाग राखाडी होतो, आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेला शत्रू जिथे होता तिथेच राहतो. एलसीडी मॉनिटरचा ब्राइटनेस म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची पातळी. तो सगळंच एका पटीत वाढवतो. आपल्याला उजळायच्या असतात फक्त सावल्या, आणि ते काम गॅमाचं.

गेम प्रत्येक रंगाला ० ते २५५ मधला एक आकडा देते. १२८ म्हणजे निम्मा उजेड असं कुणालाही वाटेल. पण कुठल्या आकड्याला किती उजेड मिळेल हे गॅमा ठरवतो, आणि नेहमीच्या २.२ गॅमाच्या मॉनिटरवर १२८ला जेमतेम २२ टक्के उजेड मिळतो. गॅमा १.८ केला तर तोच आकडा २९ टक्क्यांवर जातो. ० आणि २५५ मात्र जागचे हलत नाहीत. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच, आणि मधलं तेवढं वर येतं. गेममधल्या स्लायडरवर ‘ब्राइटनेस’ लिहिलेलं असलं तरी आत बऱ्याचदा गॅमाच फिरत असतो.

आता खरी अडचण. स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला तरी काहीच होत नाही. याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे २०११चा मूळ ‘स्कायरिम’. फुलस्क्रीनमध्ये त्याचा ब्राइटनेस नीट चालतो, विंडोड मोडमध्ये ढिम्म. अशा जुन्या गेम्स चित्र स्वतः उजळत नाहीत. ग्राफिक्स कार्डात प्रत्येक रंगासाठी २५६ नोंदींचा एक तक्ता असतो. चित्र मॉनिटरकडे निघताना प्रत्येक आकडा त्या तक्त्यातून बदलून जातो. गेम विंडोजला सांगून तो तक्ताच बदलून घेते. पण तक्ता अख्ख्या पडद्याला लागू होतो, एका खिडकीपुरता नाही. त्यामुळे पडदा पूर्ण ताब्यात असेल तरच गेम त्याला हात लावते. उपाय सोपा आहे : लाँचरमधली विंडोड मोडची खूण काढायची. खिडकीतच खेळायचा हट्ट असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमधला गॅमा वाढवायचा आणि खेळ संपला की आठवणीने परत आणायचा.

याच तक्त्यामुळे आणखी एक चमत्कार घडतो. गेम मध्येच क्रॅश होते आणि डेस्कटॉप भुताने झपाटल्यासारखा पांढराफटक पडलेला असतो. मॉनिटर बिघडलेला नसतो, तक्ता पूर्ववत करायला कुणी उरलेलं नसतं, इतकंच. गेम पुन्हा उघडून रीतसर बंद करा, नाहीतर पीसी रीस्टार्ट करा. रात्री पडदा पिवळसर करणारं ‘फ्लक्स’सारखं सॉफ्टवेअरही याच तक्त्यावर लिहितं. दोघं एकमेकांचं लिखाण पुसत बसतात, म्हणून खेळताना ते बंद ठेवलेलं बरं.

मग दोष गेमच्या चित्रात आहे की पुढच्या वाटेवर, हे कळायचं कसं? स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर पाठवून बघा. त्याच पडद्यावर बघण्यात काही अर्थ नाही. स्क्रीनशॉट तक्त्याच्या आधीचं चित्र टिपतो. फोनवर चित्र ठीक दिसलं तर गेम निर्दोष आहे. ड्रायव्हर, केबल किंवा मॉनिटरकडे वळा. तिथेही काळोख असेल तर गेमचीच सेटिंग्ज तपासा. (एचडीआर चालू असेल तर ही कसोटी फसवते. त्याबद्दल शेवटी.)

वाटेवरचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे एचडीएमआयची रेंज. टीव्हीच्या परंपरेत काळा ० नव्हे तर १६वर आणि पांढरा २३५वर असतो. कार्डाने पूर्ण रेंज पाठवली आणि पडदा टीव्हीची समजून बसला, तर १६च्या खालचं सगळं एकाच काळ्यात बुडतं. मग पडद्याचा गॅमा कितीही बदलला तरी तो तपशील परत येत नाही. उलट झालं तर काळं कधी काळं होतच नाही, सगळं धुरकट दिसतं. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ आणि पडद्याच्या मेन्यूत ‘ब्लॅक लेव्हल’ यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

लॅपटॉपवाल्यांचं दुखणं वेगळं. गुहेत शिरलं की पडदा आपोआप मंदावतो, बाहेर आलं की उजळतो. ही बॅटरी वाचवायची युक्ती आहे. विंडोज ११च्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये चित्रानुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय बंद करा. एएमडीच्या ‘व्हॅरी-ब्राइट’चं आणि इंटेलच्या तशाच सोयीचंही हेच.

काही गेम्स मात्र मुद्दामच काळ्या असतात. २००४च्या ‘डूम ३’मध्ये हातात टॉर्च तरी असायची नाहीतर बंदूक तरी. खेळाडू इतके वैतागले की टॉर्च बंदुकीलाच चिकटवणारा ‘डक्ट टेप’ मॉड निघाला. २०१२च्या बीएफजी आवृत्तीत कंपनीनेच टॉर्च चिलखतावर बसवली. माझं मत विचाराल तर मूळची भीती त्यात बरीच पातळ झाली. अशा गेम्सच्या सुरुवातीला बऱ्याचदा ‘हे चिन्ह जेमतेम दिसेल इतपत ठेवा’ असं सांगणारा पडदा येतो, तो घाईत ओलांडू नका. खोलीतला दिवा खेळताना असतो तसा ठेवूनच तो जुळवा.

एचडीआर चालू केल्यावर सगळंच फिकं पडत असेल, तर विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून ते बंद करून बघा. फरक पडला तर दोषी सापडला. त्याला सरळ कसं करायचं, ते पुढच्या भागात.