माशाच्या कानातला खडा

मैत्रिणींनो, घोळीचं डोकं खाताना कधी दाताखाली पांढरा, टणक खडा आलाय? आपण तो ताटाच्या कडेला टाकतो. पण जगात काही शास्त्रज्ञ याच खड्यांचा अभ्यास करतात. १९९३ पासून दर काही वर्षांनी त्यांची वेगळी आंतरराष्ट्रीय परिषदही भरते.

हा खडा माशाच्या कानातला. मासा त्याच्या मदतीनं ऐकतो, तोल सांभाळतो. त्यावर चुन्याचे थर चढत जातात. खडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. साधारण वर्षाला एक. मोजणी चुकू नये म्हणून तोच खडा दोघांकडे देतात आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्याला सांगत नाहीत. आपल्या बचत गटाचा हिशेबही असाच तपासायला हवा!

पण माशाचं वय कळून करायचं काय? न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रात ऑरेंज रफी नावाचा मासा आहे. १९८०च्या दशकात तो बेसुमार पकडला गेला. इतर माशांसारखाच हाही लवकर वाढत असेल, अशी समजूत होती. मग खडे कापून पाहिले, तर काही मासे शंभरी ओलांडलेले! अंडी घालायच्या वयात यायलाच त्याला सुमारे तीस वर्षं लागतात. म्हणजे आज जाळ्यात आलेल्या माशाची जागा भरायला एक पिढी जाते. हे पटेपर्यंत बरेच थवे संपत आले होते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियानं त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं.