रेशनचे धान्य मिळते; डाळ-तेलाचे काय?

आर्णी (जि. यवतमाळ) : कापूस घरात येतो तो दिवाळीच्या सुमारास. त्याआधीचे दोन-तीन महिने कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी सर्वाधिक ओढाताणीचे असतात. बियाणे, खते व फवारणीवर पैसा खर्च झालेला असतो आणि किराणा दुकानातील उधारी वाढलेली असते. अशा कुटुंबांसाठी गावकऱ्यांनीच अन्नसाह्य संस्था उभारावी, हा विचार स्तुत्य आहे. मात्र सरकारी शिधा नेमका कोठे अपुरा पडतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्याचा मासिक हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. परंतु डाळ, तेल, तिखट-मीठ विकतच घ्यावे लागते. यवतमाळसह १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी रोख रक्कम देण्याचे ठरले. सुरुवातीस ती दरमहा माणशी १५० रुपये होती. भाव वाढले की तेवढ्याच पैशांत धान्य कमी येते.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू झाली. घरोघरची पोळी-भाजी जमा करून ती गरजूंना देण्याची ही पद्धत दाट वस्तीच्या शहरास सोयीची आहे. आर्णी तालुक्यातील विखुरलेल्या गावांत शिजवलेले अन्न वेळेत पोहोचविणे अवघड. तेथे डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ अशा कोरड्या शिध्यापासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरेल.

संस्थेसाठी किमान सात प्रौढ सदस्य लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते. लग्नकार्यातील उरलेले अन्न वाटायचे असल्यास त्यासंबंधीचे २०१९ चे अन्न सुरक्षा नियम लागू होतात. स्वच्छता, साठवण व नोंदी यांची जबाबदारी त्यात निश्चित केली आहे. संस्थेचे बँक खाते स्वतंत्र असावे आणि जमाखर्च दरमहा फलकावर लावावा. हिशेब उघडा असला की देणगीदारांचा विश्वास टिकतो.

लाभार्थी निवडताना अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व शिक्षक यांची मदत मोलाची ठरते, कारण कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना कळते. वाटपाची छायाचित्रे मात्र काढू नयेत. गावात मान राखून जगणारे कुटुंब त्या भीतीने उपाशी राहील, पण रांगेत येणार नाही.

शिध्याची पिशवी महिनाभर पुरते. शिधापत्रिकेत चढलेले नाव दरमहा धान्य मिळवून देते. म्हणून विभक्त कुटुंबांच्या शिधापत्रिका, विधवांची नावे व आधार जोडणी यांसाठी तहसील कार्यालयात पाठपुरावा करणे, हेही अशा संस्थेने आपले कामच मानावे. सरकारी हक्काची जागा दानाने घेऊ नये. तो हक्क पदरात पडेपर्यंत कुटुंबाला आधार द्यावा.