परका कोण, हे ठरविण्यापूर्वी

हान्स म्युलर नावाच्या पश्चिम जर्मन नागरिकास 1954 सालच्या सप्टेंबरात कलकत्ता पोलिसांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटकेत ठेवले, आणि त्याच्याच देशाच्या वाणिज्यदूताने लिहून कळविले की हा इसम आम्हांस हवा आहे, सबब आमच्या जहाजातून त्याची रवानगी व्हावी. म्युलरने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1955 च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निकालपत्राने, 1946 च्या कायद्यान्वये परकीयांस मुलखाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे असे सांगून, त्याचा अर्ज फेटाळला; मात्र फेटाळताना एक भेद बारकाईने नोंदविला. प्रत्यर्पणात मनुष्य कैदी म्हणून देश सोडतो, हद्दपारीत मोकळा म्हणून. आणि सीमेपलीकडे पाऊल पडताच दुसऱ्या सत्तेने त्यास पकडले तर हे मोकळेपण कितपत समाधानाचे, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले.

या निकालावरून परकीयास न्यायालयाचे दार बंदच आहे असा जो ग्रह होतो, तो बरोबर नाही. देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य नागरिकांपुरते असले, तरी समानतेचे व जीवित-स्वातंत्र्याचे संरक्षण राज्यघटनेच्या 14 व 21 या अनुच्छेदांनी प्रत्येक व्यक्तीस दिले आहे. देहोपस्थितीचा अर्ज परकीयही करू शकतो. घालविणे शहाणपणाचे होते की नाही याची चिकित्सा न्यायालय सहसा करीत नाही. हुकूम देणाऱ्या अंमलदारास तो अधिकार होता काय आणि कायद्याने आखलेला मार्ग पाळला गेला काय, एवढे मात्र पाहते.

खरा पेच त्याच्याही आधीचा आहे. निरंकुश अधिकार परकीयांवर चालतो हे कबूल. पण समोर उभा असलेला मनुष्य परकीय आहे, हे कोणी आणि कशावरून ठरवावे? पाकिस्तानातून बिनपरवाना आल्याच्या नुसत्या संशयावरून नागरिकासही देशाबाहेर काढण्याची मुभा देणारे 1949 च्या कायद्यातील कलम, इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या 1954 च्या खटल्यात, नागरिकाच्या वास्तव्याच्या हक्कास बाधक म्हणून रद्द झाले. उलटपक्षी, आपण परकीय नाही हे शाबीत करण्याचा भार 1946 च्या कायद्याने आरोपितावरच टाकला, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला. आसामातील एका खटल्यात 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने या भाराला मर्यादा घातली ती फार मोलाची: सरकारदप्तरी आधी काही आधार असल्यावाचून कोणावरही असा आरोप करता येणार नाही, आणि कागदोपत्री नावाच्या स्पेलिंगात वा तारखेत किरकोळ तफावत पडली एवढ्यानेच कोणी परका ठरत नाही.

मतदारयादीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरेच, हा अनुभव आपल्याकडेही कोणास नवा नाही. 2025 च्या जूनमध्ये, पश्चिम बंगालातून ठाणे जिल्ह्यात मजुरीला आलेले काही भारतीय नागरिक बांगलादेशी समजून सीमेपार लोटले गेले आणि मागाहून परत आणावे लागले. अशा प्रकरणी, गावाकडच्या पेटीत पडलेले कागद मागवून घेण्यास त्या माणसाला किती दिवस दिले होते, हा प्रश्न न्यायालयाने सर्वांआधी विचारावा, असे मला वाटते.