गेनही हवा, बँडविड्थही हवी!

जालना म्हटलं की मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळई. पण याच जालन्यात केंद्र सरकारचं उपग्रहांवर पाळत ठेवणारं भूकेंद्रही आहे. उपग्रह नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवरच बोलतात का, दुसऱ्याच्या संदेशात लुडबूड करतात का, हे तिथले अँटेना तपासतात. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. इतक्या दुरून येणारा क्षीण संदेश टिपायचा तर गेन, म्हणजे एका दिशेला एकवटलेली ताकद हवी आणि अनेक फ्रिक्वेन्सी चाळायच्या तर बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा रुंद पट्टा. मोठी तबकडी दोन्ही देते, पण जागा खाते. चपट्या पेटीतून हेच साधू पाहणारा गडी म्हणजे रेझोनंट कॅव्हिटी अँटेना. त्याच्या काही गमती:

फेऱ्यांचा खेळ. खाली धातूचा पत्रा, वर लहरी अर्धवट परतवणारा पडदा, मध्ये इवलासा अँटेना. लहर दोहोंमधल्या पोकळीत, म्हणजे कॅव्हिटीत, येरझाऱ्या घालते आणि दर फेरीत थोडी वरून निसटते. निसटलेल्या लहरी एका तालात आल्या की टोकदार झोत तयार!

मूळ प्रकाशाचं. समोरासमोरच्या दोन आरशांची ही करामत फाब्री आणि पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवली. १९५६ मध्ये फॉन ट्रेंटिनी यांनी ती अँटेनात आणली.

उंची बोटभरही नाही. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंमी. पत्रा आणि पडदा यांच्यात अंतर लागतं तिच्या निम्मं, म्हणजे १.५ सेंमी. पत्र्याऐवजी चुंबकी भिंतीसारखा वागणारा खास पृष्ठभाग वापरला, तर ७.५ मिमीतही भागतं.

आखूड पांघरूण. डोकं झाकावं तर पाय उघडे! पडदा लहर किती परतवतो ते सांगणारा परावर्तन गुणांक ०.५ असेल, तर आदर्श हिशेबात झोताची तीव्रता नुसत्या आतल्या अँटेनाच्या ३ पट होते आणि बँडविड्थ मिळते मधल्या फ्रिक्वेन्सीच्या साधारण २२ टक्के. गुणांक ०.९ केला की तीव्रता थेट १९ पट, पण बँडविड्थ जेमतेम ३ टक्के.

उलट्या चालीचा पडदा. फ्रिक्वेन्सी वाढली की साध्या पडद्यावरून परतणाऱ्या लहरीची कला (फेज) घटते आणि ताल बिघडतो. म्हणून संशोधक दोन्ही बाजूंनी धातूची नक्षी काढून कला वाढवत नेणारे पडदे घडवतात. मग ताल रुंद पट्ट्यात टिकतो.

पायऱ्यांचं छत. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्यापासून कडेकडे पदार्थाचे गुणधर्म पायरीपायरीने बदलणारं छत बसवलं आणि बँडविड्थ ५० टक्क्यांपलीकडे नेली.

पवईची पोथी. चपट्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांची बँडविड्थ कशी वाढवायची, यावर आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि ‘समीर’ संस्थेचे के. पी. रे यांनी २००३ मध्ये आख्खं पुस्तकच लिहिलं. कॅव्हिटीच्या पोटात बसणारा अँटेना बहुधा याच कुळातला.

तबकडी तीच, कान नवे. पुणे जिल्ह्यात खोडदजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण वेगळ्या जातीची, पण ओढाताण तीच. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या जागच्या जागी राहिल्या. बदलले ते फीड, म्हणजे तबकडीने एकवटलेल्या लहरी टिपणारे अँटेना, आणि पुढची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. एका वेळी ऐकता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून कमाल ४०० मेगाहर्ट्झवर गेला. तबकडी मोठी न करताही साडेबारा पट!