भिंतीवरचे गणित

बेगडेवाडी स्थानकावर संध्याकाळी लोकलची वाट पाहताना आमची नजर दिव्याजवळच्या भिंतीवर जाते. दिव्याभोवती किडे, किड्यांवर टपलेल्या पाली. आपण सगळ्यांनाच ‘पाल’ म्हणतो; पण एकाच वस्तीत दोन जातींच्या पाली असू शकतात. खाद्य एकच, तर त्या एकत्र टिकतात कशा?

आल्फ्रेड लोटका व व्हितो व्होल्टेरा यांनी १९२०च्या दशकात अशा प्रश्नांना गणिताचे रूप दिले. समजा, एका वाडीत ‘क’ जात एकटी असती तर १०० पाली जगल्या असत्या. ‘ख’ एकटी असती तर ८०. एक ख ही क-च्या खाद्यात अर्ध्या क-इतकी वाटेकरी होते (गुणांक ०.५), तर एक क ही ख-च्या खाद्यात ०.४ ख-इतकी. संख्या स्थिरावल्यावर:

क + ०.५ ख = १००
ख + ०.४ क = ८०

ही एकसामयिक समीकरणे सोडवली की क = ७५, ख = ५०. दोघी टिकल्या!

आता ०.४ ऐवजी ०.९ घ्या. १०० क मिळून ९० ख-इतके खाद्य फस्त करतात. ख-ला मुळात ८०चेच खाद्य होते. ख संपते. म्हणजे नियम असा : दुसरीने वाडी पूर्ण भरली तरी पहिलीला थोडा वाव उरला पाहिजे, आणि तसेच उलटही.

पण हा गुणांक ठरवतो कोण? केवळ पालीची जात नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ‘हेमिडॅक्टायलस फ्रीनेटस’ ही आशियाई घरपाल हवाई बेटांवर पसरली. तिथे आधीपासून असलेली, नराविना प्रजनन करणारी पाल वस्त्यांतून कमी झाली. पेट्रेन व केस यांनी १९९०च्या दशकात प्रयोग करून दाखवले, की दिव्याखालच्या सपाट भिंतीवर नवी पाल किडे झपाट्याने टिपते व दुसरीला उपाशी ठेवते. पृष्ठभागावर आडोसे उभारले की तिची ही सरशी घटते. भिंत बदलली, गुणांक बदलला! दगडी भिंत पाडून गुळगुळीत सिमेंटची बांधताना आपण नकळत कोणाचे तरी समीकरण बदलत असतो.

विद्यार्थ्यांना सपाट आणि खडबडीत भिंतींवरच्या पाली महिनाभर, ठरावीक वेळी मोजायला सांगा. मात्र केवळ संख्येतील फरक म्हणजे स्पर्धेचा पुरावा नव्हे, हेही सांगा. त्यासाठी एक गोष्ट बदलून पाहावी लागते. त्यालाच प्रयोग म्हणतात.