तहतानिया, वस्तानिया, फौकानिया

आमच्या घरातील जुन्या शिसवी पेटीत आजोबांचा शाळा सोडल्याचा एक दाखला आहे. तो निजामी अमदानीतला, फसली १३४५ सालचा, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९३५-३६ चा. कागद तपकिरी पडलेला, घडीवर विरलेला. मजकूर सारा उर्दूत, उजवीकडून डावीकडे. आणि ‘चालचलन’ या रकान्यात एकच शब्द, ‘नेक’. ज्या मुलाने पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घरच्या ओसरीवर मराठीत घोकले, त्याच्या हाती त्याच्या मातृभाषेचे एक अक्षरही नसलेला हा कागद पडला. पण कागदाच्या पाठीमागे त्याने मोडीत आपले नाव लिहून ठेवले आहे. मराठवाड्यातील माध्यमिक शिक्षणाचा इतिहास मी वाचतो तो त्या पाठीमागच्या ओळीवरून.

मराठवाडा तेव्हा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात शाळांच्या तीन पायऱ्या होत्या. प्राथमिक ती तहतानिया, मधली ती वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया; शिकवणारा मुदर्रिस, मुख्याध्यापक सदर मुदर्रिस, आणि साऱ्यांच्या माथ्यावर तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचा नाझिम. ही व्यवस्था ढिसाळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून देण्याचे जे धाडस केले, ते त्या काळी हिंदुस्थानात अपूर्व होते. परंतु ती देशी भाषा होती उर्दू, आणि प्रजा बहुसंख्येने तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी. त्यामुळे पायरी जसजशी चढावी तसतशी आईची भाषा खाली राहत जाई.

हे दुःख एकट्या आपल्याच वाट्याला आले असे नाही. ज्या स्कॉटलंडने १६९६ च्या कायद्याने प्रत्येक चर्चविभागातील जमीनदारांवर शाळेची इमारत आणि शिक्षकाचे वेतन यांची जबाबदारी टाकली, आणि १८७२ च्या कायद्याने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करून शाळा निर्वाचित मंडळांच्या हाती दिल्या, त्याच देशाच्या त्या दुसऱ्या कायद्यात उत्तरेकडील डोंगराळ मुलखातल्या गेलिक भाषेचा उल्लेखही नव्हता. तिथे सरकार शाळा काढा म्हणून हुकूम करीत होते. आपल्याकडे मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात खाजगी शाळा काढण्यास आधी खात्याची इजाजत घ्यावी लागू लागली.

अशा मुलखात आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली, ही गोष्ट मला आजही अचंबित करते. जिल्ह्याचे ठाणे नाही, मोठी पेठ नाही, दरबारी आश्रय तर नाहीच. या शाळेत १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचा एक तरुण आला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात राष्ट्रीय शिक्षण घेतलेला, ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत राबलेला आणि त्या श्रमांत प्रकृती गमावून बसलेला हा मनुष्य तेथे मुख्याध्यापक झाला. याच मुक्कामात त्याने संन्यासदीक्षा घेतली आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. सदर मुदर्रिस हा खात्याचा अंमलदार, त्याची बदली होई, त्यास वरून ताकीद येई; इथे मुख्याध्यापक संन्यासी होता, त्याला बदलीचे भय घालणार कोण आणि वेतनाचा मोह दाखवणार कोण! शाळेची सारी घडी या एका फरकाने पालटते असे मला वाटते.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे प्रभृती सहकारी अंबाजोगाईस आले. सरकारी दप्तरात त्या गावाचे नाव मोमिनाबाद. तेथे योगेश्वरी विद्यालयाला त्यांनी आपले श्रम दिले, आणि १९३८ साली स्वामीजी शाळा सोडून हैदराबादच्या सत्याग्रहात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले, तेही स्वामीजींच्याच पुढाकाराने. पुढे याच नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत विचारवंत नरहर कुरुंदकर शिक्षक होते, आणि ते मराठीतून शिकवीत होते.

आजोबा मुक्तीनंतर कचेरीत कारकुनी करीत. कैफियती, नकला, ताळेबंद आता मराठीत लिहावे लागत आणि पहिली काही वर्षे त्यांना शब्द अडत. नोकरीतली मराठी त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर शिकली. हिशेब मात्र अखेरपर्यंत ते एकाच पद्धतीने करीत. ओठांत पावकी-निमकी मराठीत पुटपुटत, आणि उत्तर आले की कागदाच्या कोपऱ्यावर उर्दू आकड्यांत लिहीत.