गोरोबांचं थापटणं आणि आतड्यातला अमीबा

काड्यापेटीतून शौचाचा नमुना आणायची रीत आपल्याकडे बरीच वर्षं होती. काड्या काढून घ्यायच्या, आत बोटाच्या पेराएवढा नमुना ठेवायचा, पेटी कागदात गुंडाळायची आणि एसटीनं तालुका किंवा जिल्हा गाठायचा. पेटीचा पुठ्ठा ओल शोषून घ्यायचा आणि तपासणाऱ्याच्या टेबलावर सुकलेली ढेप यायची. आता झाकणाची प्लॅस्टिकची डबी मिळते. वेळेचं गणित मात्र फारसं बदललेलं नाही. तेरच्या किंवा आसपासच्या वाडीवरच्या माणसाला पहाटे पाचला आव पडते, पहिली गाडी हुकते, दुसरी भरून येते आणि धाराशिवला डबी उघडेपर्यंत दहा वाजलेले असतात. ज्या जिवाला शोधायचं, तो तोवर मेलेला असतो. रिपोर्टवर ‘अमीबा आढळला नाही’ असं लिहिलं जातं आणि माणूस तोच मुरडा पोटात घेऊन परतीच्या गाडीत बसतो.

माझी उमेदीची वर्षं अशा डब्या उघडण्यात गेली. म्हणून या तपासणीबद्दल मला पोटतिडिकेनं लिहायचं आहे. हे काम हलकं समजलं जातं. नाकाला रुमाल लावून उरकायचं, नव्या पोराकडे ढकलायचं. खरं तर रक्ताच्या काचपट्टीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त तयारीची नजर इथे लागते.

एन्टामिबा हिस्टोलिटिका हे या अमीब्याचं शास्त्रीय नाव. त्याची दोन रूपं. पहिलं हलतं, खातं, आतड्याच्या अस्तरात घुसणारं. आकार बहुधा १५ ते २० मायक्रॉन, रक्तमिश्रित आवेत याहून मोठाही सापडतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपली तांबडी रक्तपेशी सात मायक्रॉनच्या आसपास असते, तेव्हा दोन-तीन रक्तपेशी शेजारी मांडल्या की अमीब्याच्या रुंदीचा अंदाज येतो. हे रूप शरीराबाहेर फार तग धरत नाही. नमुना थंड झाला की हालचाल मंदावते, मग जीव गोल होऊन विरघळू लागतो. म्हणून पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत बघा, असं प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगतं. दुसरं रूप सिस्टचं. गोल, भिंतीचं कवच असलेलं, बहुधा १२ ते १५ मायक्रॉनचं. पाण्यात, ओल्या मातीत, नखांखाली ते दिवसेंदिवस टिकतं आणि तेच एका पोटातून दुसऱ्या पोटात जातं.

काचपट्टीच्या एका टोकाला सलाईनचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा. काडीच्या टोकावर येईल एवढाच नमुना दोन्हींत कालवायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. थर इतका पातळ हवा की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता यावीत. सलाईनमध्ये हालचाल दिसते. आयोडीनमध्ये जीव मरतो, पण सिस्टमधली केंद्रकं उमटतात. चारपर्यंत केंद्रकं, प्रत्येकात मधोमध बारीक ठिपका, कडेला रांगोळीच्या कणांसारखे सारख्या अंतरावरचे दाणे: हा हिस्टोलिटिकाचा चेहरा. त्याचा निरुपद्रवी भाऊबंद एन्टामिबा कोलाय. त्याच्या पक्व सिस्टमध्ये आठ केंद्रकं, ठिपका मध्यापासून सरकलेला, कडेचे दाणे जाडेभरडे. सिस्ट कोवळी असेल तर आत काड्यांसारखे तुकडे दिसतात. हिस्टोलिटिकात त्यांची टोकं गोलसर, कोलायमध्ये फुटक्या लाकडासारखी चिरफळलेली. दहा मायक्रॉनहून लहान आणि बाकी हुबेहूब असेल तर तो हार्टमनाय, त्याच्यापासून काही धोका नाही. आयोडाअमिबा या आणखी एका अमीब्याच्या सिस्टमध्ये आयोडीन घातल्यावर तपकिरी रंगाचा मोठा डाग उठतो. एकदा पाहिला की तो विसरता येत नाही.

सगळ्यात मोठा चकवा मात्र अमीब्यांचा नसतो, आपल्याच शरीरातल्या पेशींचा असतो. आव म्हणजे आतड्याची जखम, आणि जखम आली की पूपेशी आल्या, मोठ्या भक्षक पेशी आल्या. भक्षक पेशी अमीब्याएवढी होऊ शकते, थोडी हलते, रक्तपेशीही गिळते. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच पेशींना मी अमीबा म्हणून रिपोर्ट दिला. लहान मुलाचा नमुना होता. त्याला चार-पाच दिवस कडू गोळ्या चारल्या गेल्या आणि त्याचा ताप वाढतच गेला. जंतूंमुळे झालेला अतिसार निघाला, औषध दुसरंच लागत होतं. पोर बरं झालं, पण ती काचपट्टी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. केंद्रक कुडीच्या मानानं फार मोठं होतं. थांबून एवढंच पाहायचं होतं.

हा अमीबा माणसाला पहिल्यांदा नीट दिसला तो एका शेतकऱ्याच्याच शौचात. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्योदोर लोश या डॉक्टरानं उत्तर रशियातल्या एका तरुण शेतकऱ्याच्या आवेत अमीबे पाहिले, त्यांची चित्रं काढली, एका कुत्र्याला त्यांची लागणही करून दाखवली. तरी हाच रोगाचं मूळ आहे असं म्हणायला तो धजला नाही. हिस्टोलिटिका, म्हणजे ऊती विरघळवणारा, हे नाव १९०३ मध्ये फ्रिट्झ शाउडिननं दिलं. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१२ मध्ये, कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सनं एमेटिनची इंजेक्शनं वापरून दाखवली आणि आमांशानं खंगलेली माणसं उठून बसली. त्याआधी आपल्याकडे वैद्यांचा भरवसा कुड्याच्या सालीवर होता. त्या सालीचं कुटजारिष्ट आजही दुकानात मिळतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९१३ चा प्रयोग. मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात वॉकर आणि सेलर्ड्स यांनी स्वयंसेवक म्हणवलेल्या वीस कैद्यांना हिस्टोलिटिकाची लागण दिली. कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न मनातून जात नाही. अठरा जणांच्या पोटात अमीबा रुजला. आमांश झाला फक्त चौघांना. उरलेल्या चौदांचं काय? फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्टनं १९२५ मध्ये यावर उत्तर सुचवलं: हे दोन वेगळे जीव आहेत. एक आतडं पोखरतो, दुसरा नुसता राहतो. दुसऱ्याला त्यानं ‘डिस्पार’ म्हटलं. कुणी फारसं ऐकलं नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसत होते. पन्नासेक वर्षांनी विकरांच्या चाचण्यांनी फरक दाखवला आणि १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोन स्वतंत्र जाती रीतसर मांडल्या.

हे वाचलं तेव्हा मला तेरच आठवलं. तिथे तेरणेच्या काठावर गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरोबा कुंभारांची, समाधी आहे. चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. संतमंडळी जमली असताना मुक्ताईनं विचारलं, काका, यातलं कच्चं मडकं कोणतं? काकांनी मडकी ठोकायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले, आणि काकांनी सांगितलं, हे कच्चं. ही कथा आपण गर्वहरणाची म्हणून ऐकतो. मला त्यात कुंभाराचं ज्ञानही दिसतं. रंगानं, आकारानं सारखी असलेली दोन मडकी नजरेनं ओळखता येत नाहीत, ही गोष्ट ज्याचे हात आयुष्यभर मातीत गेले तोच जाणतो. तो ठोकून आवाज ऐकतो.

हिस्टोलिटिका आणि डिस्पार यांच्या सिस्टसमोर तपासणाऱ्याची हीच गत आहे. डोळ्यानं दिसतं ते सांगावं आणि थांबावं. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तेच सांगितलं: नुसत्या सिस्ट दिसल्या तर ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असं दोन्ही लिहा, आणि त्रास नसलेल्या माणसाला केवळ त्यावरून औषध देऊ नका. पुढचं थापटणं म्हणजे प्रथिनाची चाचणी किंवा पीसीआर, आणि ते अजून प्रत्येक गावापर्यंत पोहोचलेलं नाही. मग होतं काय? पोट साफ होत नाही म्हणून कुणी तपासणी करतो, सिस्ट दिसतात आणि ‘तुम्हाला अमीबा आहे’ ही मोहर आयुष्यभराची बसते. दरवर्षी अमीब्यावरच्या मेट्रोनिडाझोल या औषधाचा कोर्स, तोंडाला आठवडाभर धातूची चव, ताक बंद, भाकरीऐवजी मऊ भात. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत. त्यांच्यातल्या कितींच्या पोटात नुसता डिस्पार नांदत असेल, या विचारानं मन खिन्न होतं.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. खऱ्या रोग्याला वेळेवर ओळखलं नाही तर अमीबा रक्तावाटे यकृतात जातो. उजव्या बरगडीखाली दुखतं, ताप येतो, सुईनं चॉकलेटी पू निघतो. हा आजार जास्त करून कर्त्या पुरुषांना होतो. अशा वेळी शौचात बहुधा अमीबा सापडत नाही, म्हणून ‘संडास तर नॉर्मल आहे’ या वाक्यावर कुणी निर्धास्त राहू नये. शिवाय मेट्रोनिडाझोलनं ऊतींमधला अमीबा मरतो, आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टसाठी डायलॉक्सानाइडसारखं दुसरं औषध लागतं. ही दुसरी चिठ्ठी पुष्कळदा लिहिलीच जात नाही.

आणि पाणी. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलांतल्या सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या नळांची सरमिसळ झाली आणि श्रीमंत शहरातल्या पाहुण्यांत आमांशानं ९८ माणसं दगावली. नळाला जितकं क्लोरीन असतं तितक्यानं सिस्ट मरत नाही, पाणी उकळल्यावर मरते. टँकरचं पाणी हौदात, हौदातून रांजणात, रांजणातून ओंजळीनं घेणाऱ्या आपल्या गावांना हे सांगायलाच हवं.

एक सकाळ सांगतो. तेरकडून आलेली एक मावशी चार दिवस रक्ताची आव घेऊन बाकावर बसली होती. आणलेली डबी मी बाजूला ठेवली आणि म्हटलं, मावशी, घाई नाही, इथेच बसा, लागली की इथेच द्या, आणि रक्त-आवेचा भागच घ्या, लघवी मिसळू देऊ नका. ती संकोचली, पण तासाभरानं डबी दिली. दिवस थंडीचे होते. काचपट्टी मी तळहातात धरून कोमट केली, सलाईनही. कव्हरस्लिप ठेवून लेन्स खाली आणली. पूपेशी, रक्तपेशी, अन्नाचे तंतू. मग एका कडेला काहीतरी सरकलं. काचेसारखं पारदर्शक बोट एकदम पुढे आलं, मागची दाणेदार कुडी त्यात ओतली गेली, पुन्हा बोट, पुन्हा त्याच दिशेला. कोलाय जागच्या जागी चुळबुळतो, हा वाट ठरवून निघालेला होता. कुडीत तीन तांबड्या पेशी होत्या, पिवळसर, गोल, गिळलेल्या. केंद्रक लहान होतं. डॉक्टरांना बोलावून दाखवलं. रिपोर्टवर रक्तपेशी गिळलेला हलता अमीबा असं लिहिलं, त्यापुढे नमुना घेतल्याची वेळ टाकली, नऊ वाजून चाळीस, आणि पाहिल्याची, नऊ वाजून सत्तेचाळीस.